पाच किलोतला दोनशे ग्रॅम पाला

अक्का, मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही होता तेव्हा यातलं निम्मंसुद्धा झालेलं नव्हतं. दोनशे लिटरच्या बॅरलचा ज्वारी भाजायचा ढोल, हातानं फिरवायचा, आत चार पाती, एका वेळेला बारा किलो, एक दाणा करपत नाही. पाला वाळवायचे सहा लाकडी ताटवे, एकावर एक बसणारे, मधे चार बोटं जागा, म्हणजे वारं लागतं आणि ऊन लागत नाही. लहान लेकरांची उंची मोजायची सागवानी फळी, सरकत्या डोक्याची. स्टीलच्या टेपनं तीनदा तपासली, अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक नाही. चक्कीच्या दगडांना टाकी मीच लावतो. नांदेडच्या माझ्या शेडच्या छपराच्या लोखंडी कैच्या मीच वेल्डिंग केल्या, आणि शेजारची शेड वादळात उडाली तेव्हा माझा एक पत्रा हलला नाही. शाळा सातवी. कुणाच्या हाताखाली एक दिवस काम केलं नाही. इंजन खोलून, मोडून, पुन्हा जोडून शिकलो. एक वस्तू मात्र या यादीत मुद्दाम धरलेली नाही. ती चाळणी होती, आणि तिच्याबद्दलच लिहायला बसलोय.

तेव्हा जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुनाच. आपल्या गावाचे कागद आधी उस्मानाबादला जायचे, ते लातूरला जायला लागले. जिल्ह्याचं गाव जवळ आलं म्हणून लोक खुशीत होते, आणि विहिरी तळाला गेल्या होत्या त्या गेल्याच होत्या. मी चोवीस वर्षांचा. निलंग्याच्या रस्त्याला, वेशीपाशी माझी पिठाची चक्की, आठ हॉर्सपॉवरच्या इंजनावर; इंजन भंगारातून आणून मीच उभं केलेलं. तुम्ही देवळामागच्या एका खोलीत अंगणवाडी चालवायचात. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि बोलणं असं, की हिशोब कानडीत आणि राग मराठीत. सगळं गाव तुम्हाला अक्का म्हणायचं, तुमच्यापेक्षा म्हातारी माणसंसुद्धा. मला तुम्ही माया आली की 'लेकरा' म्हणायचात आणि काही चुकलं की 'मिस्तरी'.

एकतीस लेकरं होती तुमच्याकडं. वरून येणारं धान्य कधी यायचं, कधी नाही, म्हणून तुम्ही घराघरातून पसा पसा ज्वारी गोळा करायचात. ज्वारी मिळायची, डाळ मिळायची. हिरवं मिळायचं नाही. तांदळी, पाथरी, घोळ, चिवळ, या सगळ्या भाज्या पावसाच्या. पाऊस नाही तर त्याही नाहीत. अख्ख्या गल्लीत हिरवा होता तो एकटा तुमच्या दारातला शेवगा, मोरीच्या पाण्यावर जगलेला. दारात शेवगा लावू नये, घरात भांडणं लागतात, असं आपल्याकडं म्हणतात. कुणी तसं बोललं की तुम्ही म्हणायचात, "घरात मी एकटी. भांडू कुनाशी, लिंगाशी?" आणि प्रत्येक आईला त्याची एक फांदी तोडून द्यायचात, मोरीपाशी रोवायला. निम्म्या बायका फांदी घेऊन जायच्या आणि चुलीत घालायच्या. तुम्हाला ते ठाऊक होतं. तरी पुढच्या आठवड्यात दुसरी फांदी द्यायचात.

तुमच्या पिठाचं प्रमाण मला झोपेतसुद्धा सांगता येईल. भाजलेली ज्वारी चार किलो, हरभऱ्याची डाळ एक किलो, तीळ पाव किलो, आणि सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला दोनशे ग्रॅम. सगळं एकत्र करून माझ्याकडं दळायला. त्याची पातळ लापशी, आणि उतरवताना करडईच्या तेलाचा एक चमचा, "कारण पाल्यातलं सत्त्व तेलाबिगर अंगी लागत न्हाई." लिंबू मिळालं तर दोन थेंब. आणि जेवणावर लेकरांना चहा पाजणाऱ्या आया दिसल्या की तुम्ही भर रस्त्यात थांबवायचात: "अगं, रक्त व्हायलंय ते होऊ दे की! कशाला वरून चहा वततीस?" मी चक्कीत बसून ऐकायचो आणि हसायचो. खरं सांगायचं तर मला ते सगळं बाईमाणसाचं वेड वाटायचं.

पाल्याचं मात्र हसू यायचं नाही, राग यायचा. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायच्या कामावर होतो. मी दहा वर्षांचा. माझी माय तरोट्याचा पाला उकडून मीठ घालून वाढायची, आणि शेजारच्या पालातून कुणी विचारलं, "आज काय केलंस गं?" की माय म्हणायची, "वरण." आम्हा भावंडांना ताकीद होती, आपणही वरणच म्हणायचं. दात हिरवे झालेले असायचे आणि तोंडानं वरण. मी तेव्हाच ठरवलं होतं, मला लेकरू झालं तर ते पाला खाणार नाही. आणि आता माझी तीन वर्षांची लेक रोज सकाळी वाटी घेऊन तुमच्याकडं पाल्याची लापशी खायला येत होती. बायकाही बोलायच्याच. चक्कीवर पीठ घ्यायला आल्या की एक म्हणायची, "अक्काचं पीठ म्हंजी शेळीचं खानं." दुसरी म्हणायची, "कचराच लई असतोय, पोरगं थुकून टाकतंय." दगडाखाली ज्वारीचं पीठ होतं, पण वाळक्या पाल्याचं चिवट कूट तसंच राहतं, हिरव्या तुसासारखं. ते सगळ्यांना दिसायचं.

मग मी ती चाळणी केली. लातूरच्या गोलाईच्या बाजारातून पितळेची जाळी आणली, इंचाला साठ भोकं. सागाची चौकट, खाली दोन पोलादी पट्ट्या, आणि चक्कीच्याच पट्ट्यावर चालणारं हलवणीचं चाक. एका मिनिटात एकशेऐंशी हेलकावे. अक्का, वस्तू देखणी होती, आजही तसंच म्हणेन. खाली पीठ पडायचं ते खडूसारखं बारीक, पांढरट, आणि वर उरायचा हिरवा कोंडा. तुम्हाला विचारलं नाही, कारण मी आधी वजन करून बघितलं होतं. सव्वापाच किलोला दोनशे ग्रॅम. शंभरात चारसुद्धा भरत नव्हतं. शंभरातले शहाण्णव मी देत होतो. चारासाठी कोण विचारतो? तो कोंडा मी बादलीत भरून घरच्या म्हशीला घालायचो. म्हशीचं दूध सगळं डेअरीला जायचं, दुष्काळात तेवढाच रोकडा पैसा.

पहिल्यांदा पांढरं पीठ नेलंत तेव्हा तुम्ही चिमूट घेऊन तळहातावर पसरली. "पाला दिसंना की रं?" मी म्हणालो, "बारीक दळला अक्का. भाजणीच्या रंगात दबला." तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि तुमचं तोंड उजळलं. "हुन्नर हाय लेकरा तुझ्या हातात," म्हणालात. आयांच्या तक्रारी मिटल्या. पुढं नव्या जिल्ह्याचे एक साहेब जीपमधून अंगणवाडी बघायला आले, त्यांनीही पीठ चिमटीत धरलं आणि म्हणाले, "वा, शहरातल्यासारखं स्वच्छ." तुम्ही साहेबांना बोट दाखवून सांगितलंत, "हा आमचा मिस्तरी. ह्यानं केलं." रागाचा शब्द तुम्ही त्या दिवशी कौतुकानं वापरलात. मी घरी जाऊन बायकोला चारदा सांगितलं.

तीन महिने गेले. एके दिवशी दिवेलागणीला बायकोनं पोरीपुढं दूध नसलेल्या चहाची बशी ठेवली. पोरगी समोर बसलेली, बशी तिच्या गुडघ्यापासून वीतभर. ती हात पुढं करते आणि जमीन चाचपते. डावीकडं, उजवीकडं. बशी कलंडते. बायको म्हणते, "नाटकं करायलीय." मी खिशातला पाना काढून तिच्यापुढं धरतो, चकचकीत, क्रोमचा, जो ती दिवसा माझ्या हातातून ओढून घेते. ती माझ्या आवाजाकडं बघून हसते आणि पाना तिला दिसत नाही. तिचं ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. सकाळी उठलो तर पोरगी ठणठणीत, कोंबडीमागं पळतेय. बायको म्हणाली, बघा, मी म्हणलं नव्हतं का. मी पोरीला उचललं आणि तुमच्याकडं आलो.

तुम्ही एकच विचारलंत. "सांजच्याला ठेचाळती का?" मी मान हलवली. तुम्ही तिला खिडकीपाशी नेलंत, पापणी वर करून दोन्ही डोळे बघितलेत, बराच वेळ. मग म्हणालात, "डाग न्हाई. येळ गेली न्हाई अजून." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पर ही तर रोज खाती. हिला कसं झालं?" तुम्ही पोरीला काखेत घेऊन चालायला लागलात, उपकेंद्राकडं नाही, माझ्या चक्कीकडं. मी मागं. चक्कीत चाळणी होती, फडकं टाकलेली. तुम्ही तिच्याकडं बघितलंही नाही. मागच्या दारानं गोठ्यात गेलात आणि म्हशीपुढं उभ्या राहिलात. दुष्काळात गावातल्या सगळ्या म्हशींच्या फासळ्या मोजता यायच्या. माझी म्हैस तुकतुकीत. बादलीत सकाळचा कोंडा होता, हिरवागार. तुम्ही त्यात हात घातलात आणि मूठभर वर काढलात.

"मिस्तरी, म्हस लई तकाकलीय रं."

मी म्हणालो, "अक्का, ते शंभरात चारसुद्धा भरत नाही. मी तोलून बघितलंय."

तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही मला हिशोब घातलात. "इंजनाला रोज डिझेल किती लागतंय?"

"चार लिटर."

"अन् वंगण?"

"आठवड्याला पाव लिटर."

"शंभराला किती झालं?"

मी मनात केलं. "एक."

"मग उद्यापासून घालू नको. एकच तर हाय."

एवढंच बोलून तुम्ही पोरीला घेऊन उपकेंद्रात गेलात. इंजन मला माझ्या हातापायांसारखं कळत होतं, आणि वंगणाशिवाय ते किती वेळ चालेल, आतला पिस्टन कसा धरेल, कसा आवाज करेल, हे सगळं मला त्या गोठ्यात उभ्या उभ्या ऐकू आलं. नर्सबाईंनी बाटलीतलं पिवळं औषध, 'अ' जीवनसत्त्वाचं, सपाट चमच्यानं पाजलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि पाला, पपई, गाजर, मिळेल ते द्या म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो. पण तुम्ही संध्याकाळी पुन्हा चक्कीवर आलात. म्हणालात, एकतीसही लेकरं तपासायची, आणि घरोघर तू माझ्यासंगं यायचं, आणि पाला कुणी काढला ते तूच सांगायचं. मी म्हणालो, "अक्का, गावात माझी काय राहील?" तुम्ही म्हणालात, "जे उरल ते खरं असल."

चोवीस घरं होती. तुमच्या हातात कंदील, झाकलेला, आणि लेकराला अंधुकात चिंचोका उचलायला लावायची तुमची पद्धत. आणखी दोन पोरांना उचलता आला नाही. त्या दोन घरांत मी दारातच असा अडलो, की शेवटी तुम्हीच पाठीत ढोसलंत. एका आईनं ऐकून घेतलं आणि ती लेकराला उचलून आत गेली. ते सगळ्यात वाईट. दुसरी, तीच कचऱ्याची तक्रार करणारी, म्हणाली, "आमी अडानी मानसं, आमी कचरा म्हनलो. तू कायला ऐकलास? तू तर शाना ना?" पलीकडच्या घरातली म्हातारी म्हणाली, "आमच्या लेकरांचा पाला तुज्या म्हशीनं खाल्ला, आता तिचं दूध आमच्या लेकरांना घाल." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण हिशोब बरोबर होता. दुसऱ्या दिवसापासून डेअरीचं दूध बंद करून अंगणवाडीत दिलं, दीड महिना, रोज साडेतीन लिटर. बायको आठ दिवस बोलली नाही. पण दूध पोरीच्याही वाटीत पडत होतं, म्हणून नवव्या दिवशी बोलली.

जाळी मी छिन्नीनं फाडली. पाला आधी ज्वारीच्या दोन मुठींबरोबर वेगळा, तीनदा दळायचा आणि मग बाकीच्यात मिसळायचा, ही युक्ती मला त्याच आठवड्यात सुचली. जे मी तुम्हाला केलंय म्हणून सांगितलं होतं ते आता खरोखर करून दाखवलं. पीठ एकसारखं फिकट हिरवं आलं. तुम्ही मला लेकरांच्या ओळीत बसवलंत आणि वाटी दिलीत. दारातून जाणाऱ्या कुणीतरी विचारलं, "मिस्तरी, काय खायलास?" मी तोंडातला घास गिळून म्हणालो, "पाला." किती सोपं होतं ते, अक्का. माझ्या मायला कुणी शिकवलं नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी इंजनाचं झाकण बसवत होतो, अंधुक झालेलं, एक बारका, तीन सुताचा नट हातातून सुटून कुठंतरी घरंगळला. मी चाचपत होतो. पोरगी उंबऱ्यात बसलेली, ती उठली, चार पावलं आली आणि तो नट उचलून माझ्या हातात ठेवला. मला दिसत नव्हता तो तिनं उचलला. मी तसाच पळत तुमच्याकडं आलो, काळे हात घेऊन. तुम्ही भाकरी थापत होतात. मान वर न करता म्हणालात, "आणखी चार टाकून बघ. एकावर भरवसा ठिवू नको." मी परत जाऊन चार टाकले. चारही उचलले तिनं. ते सांगायला पुन्हा आलो तेव्हा तुम्ही पाण्याच्या तांब्याआड तोंड फिरवलंत ते मी बघितलं, बघितलं नाही असं दाखवलं.

दोन-अडीच वर्षांनी मी नांदेडला निघालो तेव्हा तुम्ही मला तुमच्या ट्रेनिंगचं पुस्तक दिलंत, कडा कुरतडलेलं. लोह कशात, चुना कशात, डोळ्याला काय, हाडाला काय, कोणतं सत्त्व उन्हानं जातं, कोणतं फार शिजवल्यानं. सातवी शिकलेला माणूस ते पुस्तक पाठ करून बसलाय. मी लोकांना सांगतो, माझं मीच शिकलो. इंजनाच्या बाबतीत ते खरं आहे. पुस्तकाच्या समासात तुम्ही पेन्सिलीनं कानडीत काहीबाही लिहून ठेवलंय; ते मी अजून कुणाकडून वाचून घेतलेलं नाही. प्रमाणं असतील, नाहीतर कुणाला किती पसे ज्वारी ते असेल. तुम्ही गेलात तेव्हा मी जळकोटला एक चक्की बसवत होतो, निरोप दोन दिवसांनी मिळाला. आलो तेव्हा तुम्हाला तुमच्या लिंगायत रीतीनं बसवून माती दिलेली होती. तुमच्या गल्लीत मी मोऱ्या मोजत गेलो. अकरा मोऱ्यांवर शेवगा होता.

आता माझ्या शेडमध्ये तेच पीठ होतं. नांदेडात खपतं, धर्माबादला जातं. प्रमाण तुमचंच, एक ग्रॅम इकडंतिकडं नाही, आणि ते मी पिशवीच्या पाठीवर छापतो, पाला सावलीत कसा वाळवायचा त्यासकट. धंद्यातली माणसं मला वेडा म्हणतात. म्हणतात, घरी करायला शिकवलंस तर विकत कोण घेईल? लेक माझ्याबरोबर काम बघते. तिला आता स्वतःचा मुलगा आहे, आणि ती दिवस मावळल्यावरही स्कूटर अशी चालवते, की मलाच भीती वाटते.

मागच्या मंगळवारी एक माणूस गाडीतून आला. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. म्हणाला, "काका, भाजणी एक नंबर. फक्त हिरवा रंग काढा, शहरातल्या आया घेत नाहीत. जीवनसत्त्वं आम्ही पावडरीनं वरून घालू, नियमाप्रमाणं. डब्यावर तुमचा फोटो. पाठीवरची कृती मात्र छापायची नाही, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगायची नाही." पावडर वाईट नसते हे मला कळतं, नर्सबाईंच्या बाटलीत दुसरं काय होतं? पण डबा संपल्यावर त्या आईच्या मोरीवर काय उरणार? हे मी त्याला बोललो नाही. लेक आतल्या खोलीत होती, चक्कीच्या आवाजात तिला यातलं काही ऐकू आलं नाही. मी त्याला नाही म्हणालो, तो गेला, आणि तेव्हापासून लेक ज्याला त्याला सांगत सुटलीय, की दादांनी, म्हणजे मी, अकरा लाखांवर पाणी सोडलं. जावई पाया पडला. व्याह्यांनी नारळ दिला.

हा कागद कुठं धाडायचा नाही, चक्कीच्या खणात राहील, म्हणून उरलेलं लिहून टाकतो. त्यानं अकरा लाख सांगितले तेव्हा मी नाही म्हणालो नव्हतो. मी पंधरा मागितले. त्यानं मिनिटभरही विचार केला नाही, हात पुढं केला आणि म्हणाला, चालेल. तो हात बघून मी घाबरलो, अक्का, आणि मग नाही म्हणालो. नाकारले ते पंधरा लाख रुपये. घरात मी अकराच सांगितलेत, कारण पंधरा म्हटलं असतं, तर ते कुणी मागितले हेही सांगावं लागलं असतं.